लपूनछपून बारावी होत नाही

पत्र : ताई, मी 31 वर्षांचा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. ड्यूटी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात. दहावी चांगल्या मार्कांनी पास झालो, अकरावी कॉमर्सला नाव घातलं. सहामाहीनंतर वडिलांना अर्धांगवायू झाला आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. लग्न जमवताना मामांनी बायोडेटात ‘बारावी पास’ लिहिलं. मी वाचलं आणि गप्प बसलो. बायको बीकॉम आहे, घरी शिकवण्या घेते. सहा वर्षं झाली. या जूनमध्ये मुलीच्या शाळेच्या अर्जात ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने ‘बारावी’ लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो. आता मालक स्टोअर इनचार्ज करतो म्हणतात, पण बारावीची मार्कलिस्ट मागतात. कारखान्यात मी दहावी असल्याचं खरं सांगितलंय. एक जण 30 हजारांत दोन महिन्यांत बाहेरच्या बोर्डाचं सर्टिफिकेट आणून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो 17 नंबर फॉर्म भर. तिसरा म्हणतो ओपन स्कूल. मला बायकोला कळू न देता हे उरकायचंय. ओव्हरटाइम आहे सांगून अभ्यासिकेत बसेन म्हणतो. कसं जमवू? — एक वाचक, सोलापूर

उत्तर :

30 हजारवाल्याचा विषय आधी संपवू. परीक्षेला न बसता मिळणारी मार्कलिस्ट खोटी असते. शिक्का कुठल्याही राज्याचा असो. कंपनीने मंडळाकडे पडताळणी केली की आज आहे ती नोकरीही जाईल, वर बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचा फौजदारी गुन्हा लागेल. एक खोटी बारावी सहा वर्षं सांभाळताना काय होतंय ते तुम्हीच लिहिलंय. दुसरी विकत कशाला घेताय? त्या माणसाचा नंबर ब्लॉक करा.

आता तुमचा ओव्हरटाइम. महिनाअखेरीला तुमची बायको विचारेल, ओव्हरटाइमचे पैसे कुठे आहेत? बीकॉम बाई आहे, घरखर्चाचा हिशेब तिच्याकडे असणार. मग तुम्ही त्या पैशांसाठी आणखी एक गोष्ट रचणार. समजा तेही निभावलं. पुस्तकं कुठे ठेवणार? मंडळाचे मेसेज आणि ओटीपी ज्या फोनवर येतात तो फोन रात्री मुलीच्या हातात असणार. बारावीचा पेपर बहुतेक वेळा सकाळी 11 ला सुरू होतो, म्हणजे महिनाभरात सहा वेळा तुम्ही भर कामाच्या वेळी सोलापूरच्या कुठल्या तरी परीक्षा केंद्रावर दिसणार. आणि तिच्या शिकवणीतली पोरं त्याच वर्षी बारावीला असली तर? शेजारच्या बाकावर ‘मॅडमचे मिस्टर’ बसलेत ही बातमी तुम्ही घरी पोचायच्या आत पोचलेली असेल. सोलापूर एवढं मोठं शहर नाही हो.

हे भीती घालायला लिहीत नाही. नोकरी करून बाहेरून बारावी देणाऱ्याची खरी अडचण अभ्यासक्रम नसतो, वेळ असतो. साडेआठ ते सात ड्यूटी, जाणं-येणं, काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी भरणं, मुलगी, आईवडील. यातून रोजचा दीड तास काढायचा तर घरातल्या कुणीतरी त्या दीड तासाची राखण करावी लागते. पाहुणे आले तर ‘ते वाचतायत’ असं सांगणारं माणूस लागतं. ज्या माणसाने ही राखण करायची त्याच्यापासूनच लपायचं ठरवलंत, तर वेळ अभ्यासात कमी आणि थापा लक्षात ठेवण्यात जास्त जाईल. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : आधी बायकोला सांगा, मग फॉर्म भरा. उलट क्रमाने करू नका.

कसं सांगायचं? मुलगी झोपल्यावर, दोघंच असताना. तिच्या माहेरी नको, सणाच्या दिवशी नको आणि भांडण चालू असताना तर मुळीच नको. सुरुवात मामांपासून करू नका. बायोडेटा मामांनी लिहिला हे खरं, पण सहा वर्षं गप्प तुम्ही बसलात, आणि तिला लागेल ते हेच. ‘तुझ्याशी लग्न व्हावं म्हणून’ हेही नको. त्याने तुमच्या खोट्याचा भार तिच्या डोक्यावर जातो. इतकंच बोला : ‘मी बारावी झालेलो नाही. अकरावीत कॉलेज सुटलं. लग्नाआधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता परीक्षा देणार आहे.’ आणि थांबा. पुढचं ती बोलेल.

ती रागावेल. रडेल, कदाचित दोन-चार दिवस अबोला धरेल. तो राग तिच्या हक्काचा आहे. लगेच ‘माफ केलंस ना?’ म्हणून मागे लागू नका. शाळेच्या अर्जात तिने जे लिहिलं ते तुमच्या भरवशावर लिहिलं, आणि तिला फसल्यासारखं वाटेल ते तिथेच. ‘बायकोला कळलं तर ती मला कमी समजेल’ अशी धास्ती तुम्हाला असेल, पण पगार आणून देणाऱ्या, वडिलांच्या आजारपणात घर उचललेल्या माणसाला ती एका मार्कलिस्टवरून मोजत असेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगू? सहा वर्षं एका घरात राहून, कपाटातले सगळे कागद हाताळून तिला अगदीच काही माहीत नसेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. बायकांना बरंच माहीत असतं. विचारायचं नाही एवढं ठरवलेलं असतं.

आता कागदपत्रांकडे वळू. तिथेही लोक विनाकारण अडकतात.

17 नंबर फॉर्म म्हणजे राज्य शिक्षण मंडळाची खासगी विद्यार्थ्यांची नोंदणी. दहावी होऊन तुम्हाला दोन वर्षांहून कितीतरी जास्त काळ झालाय, त्यामुळे बारावीला थेट बसता येतं, अकरावीच्या वर्गात पुन्हा बसावं लागत नाही. सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात येतो, पण त्यासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, जवळचं कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं आणि मूळ कागद तिथे द्यायचे. मुदत आणि शुल्क मंडळ दरवर्षी जाहीर करतं. साधारण पावसाळ्यात खिडकी उघडते, मुदत संपल्यावर विलंब शुल्क लागतं.

इथे एक खड्डा आहे. 17 नंबर फॉर्म ही फक्त नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र त्यानंतर वेगळं भरावं लागतं, त्याच कॉलेजमार्फत. ‘मी फॉर्म भरलाय की’ म्हणून निश्चिंत बसलेले लोक जानेवारीत हॉल तिकीट आणायला जातात आणि यादीत नाव नसतं. नावनोंदणी झाल्यावर कॉलेजच्या क्लार्कला दर पंधरा दिवसांनी फोन करा. त्याला कंटाळा आला तरी चालेल.

दाखल्याचं काय? तुम्ही अकरावीला नाव घातलं होतं, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आता त्या कॉलेजात जमा असणार. आधी तिथून कॉलेज सोडल्याचा दाखला काढा. जुनं रजिस्टर शोधायला त्यांना वेळ लागतो, म्हणून हे काम आजच सुरू करा. फॉर्मची तारीख लागायची वाट बघू नका.

ओपन स्कूल म्हणताय ते एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ती केंद्र सरकारची आहे आणि तिची बारावी खरी बारावी आहे, उगाच नाक मुरडू नका. तिथे पाच विषय, वर्षात दोनदा परीक्षा (एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर) आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. म्हणजे यंदा दोन विषय, पुढच्या वेळी तीन असंही करता येतं. शिफ्ट बदलत असती, किंवा मालकाची घाई नसती, तर मी तुम्हाला डोळे झाकून हेच सुचवलं असतं. फक्त तुम्हाला हवा तो विषय मराठीत आहे का ते नोंदणीआधी पाहून घ्या.

पण तुमची ड्यूटी ठरलेली आहे आणि जागा समोर दिसतेय. एका दमात होणारी गोष्ट हवी. त्यामुळे माझं मत 17 नंबरच्या बाजूने. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, सहा विषय, 600 गुण, प्रत्येकात 35 लागतात. एखादा विषय राहिला तरी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि पास झालेल्या विषयांत सूट घेता येते. 2025 ला लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली होती, तेव्हा मार्च धरून चालू नका.

बाहेरून बसणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं की आर्ट्स-कॉमर्सचा बहुतेक पेपर 80 गुणांचा असतो. उरलेले 20 तोंडी परीक्षेचे किंवा प्रकल्पाचे, आणि ते कॉलेजात जाऊन द्यायचे असतात. शिवाय पर्यावरण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांची श्रेणीही लागते. ते दिवसही रजेच्या हिशेबात धरा. दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा साचते. दिवाळीला ती उडवू नका, फेब्रुवारीसाठी राखून ठेवा.

शाखा कुठली? रोज चलन आणि बिलं हाताळता म्हणून तुमचा ओढा कॉमर्सकडे असणार. जरा थांबा. बारावीचं बुक-कीपिंग भागीदारीच्या अंतिम खात्यांपासून सुरू होतं. जर्नल-लेजर, म्हणजे रोजच्या नोंदी आणि खातेवही, तुम्हाला येतं असं पुस्तक गृहीत धरतं. तुमची अकरावी अर्धी आणि तीही खूप जुनी. एकट्याने वाचणार असाल तर आर्ट्स घ्या : मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे वाचून येणारे विषय आहेत, आणि स्टोअर इनचार्जच्या जागेला नुसती बारावी हवीय. कुणी समजावून सांगणारं असेल तर मात्र कॉमर्स तुमच्या रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडेल. समजावून सांगणारं माणूस तुमच्याच घरात शिकवण्या घेतंय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. पण तिला सांगायचं ते फुकटात शिकवणी मिळेल म्हणून नाही. तिने आपणहून वही पुढे ओढली तर उत्तम. नाही ओढली तर आर्ट्स, आणि तोंड वाकडं करायचं नाही. जे कॉलेज निवडाल तिथे तुमचे विषय आहेत का तेही आधी विचारा.

घरात जुनी पुस्तकं असतील तर ती रद्दीत द्या. अकरावीची पुस्तकं 2019 ला आणि बारावीची 2020 ला बदलली. यंदा कुठली चालू आहेत ते कॉलेजात विचारून घ्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून फुकट उतरवता येतात. अभ्यास मात्र छापील पुस्तकातून करा. फोन उघडला की काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे.

वेळ सकाळचा ठेवा, पाच ते साडेसहा. संध्याकाळी सातला दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाने अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या रांगेत डुलक्या काढायच्या, यात पैसे आणि मान दोन्ही जातात. सुट्टीच्या दिवशी तीन तास अभ्यासिकेत जरूर बसा. तो दिवस जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहिण्याचा. लिहिण्याची सवय मोडलेली असते. तीन तास सलग पेन धरणं हेच पहिल्या महिन्यात जड जाईल, मग उत्तर येत असूनही पेपर सुटतो. इंग्रजीला सगळ्यात आधी हात घाला, बाहेरून बसणारे तिथेच अडखळतात. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला मुलीला एक संध्याकाळ घेऊन जा, रोज नको. सिद्धरामेश्वर समजून घेतील.

मालकांना आत्ताच सांगा, निकालानंतर नाही. ‘यंदा बारावीचा फॉर्म भरतोय, निकाल मे महिन्यात लागेल, तोवर जागा धराल का?’ असं सरळ विचारा. धरतील याची हमी नाही. पण तुम्ही कारखान्यात खरं सांगितलेलं आहे, त्यामुळे तिथे मान खाली घालून विचारायचं कारण नाही. फॉर्मची पावती आली की तिची एक प्रत ऑफिसात देऊन ठेवा.

सासऱ्यांना सांगायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. तो निर्णय तिचा. ती म्हणाली ‘बाबांना आत्ता नको’, तर नको. ती म्हणाली सांगूया, तर तिच्याबरोबर जा आणि बोलायचं काम तिच्यावर ढकलू नका. मामांना मात्र तुम्ही एकट्यानेच सांगा, म्हणजे पुढच्या लग्नकार्यात ते पुन्हा तुमचं शिक्षण चारचौघांत वाढवून सांगणार नाहीत.

फॉर्मसाठी कॉलेजच्या ऑफिसात जाताना कॉलेज सोडल्याचा दाखला, दहावीची मूळ मार्कलिस्ट, आधार कार्ड आणि दोन फोटो बरोबर असू द्या. आणि सकाळीच जा. दुपारी गेलात तर ‘उद्या या’ ऐकावं लागतं.

— ताई