पुढच्या पात्याला सील नको, तेलाची परतीची वाट बघा

दादा, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पुढं डोझरचं पातं बसवलंय, पातं नीट उचलतंय, पण मागं नांगर लिफ्टवर घेतला की पात्याच्या व्हॉल्व्हच्या लिव्हरच्या दांडीजवळून तेल गळतंय, आणि फिटर सील बदलू म्हणतोय. बरोबर? आमच्या बेळगाव-खानापूरकडं अगदी हेच झालं होतं. सील खुशाल बदला, आठवड्यात परत गळणार.

मी मेकॅनिक नाही, शेतकरी आहे. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर त्याचं मॅन्युअल बघूनच हात घाला.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरचा गिअर पंप इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलतच राहतो. लिव्हर मधे असला की तेल व्हॉल्व्हमधून पलीकडं निघून जातं. साध्या व्हॉल्व्हचं ते पलीकडचं तोंड टाकीला परत जायला ठेवलेलं असतं, दाब सोसायला नाही. आमच्या फिटरनं त्याच तोंडाला लिफ्टचा पाईप जोडला. विचारलं तर म्हणाला, "आगतैति री!" म्हणजे कानडीत 'होतंय हो!' झालं काय, नांगर उचलताना लिफ्टचा सगळा दाब, दीडशे बारच्या पुढचा, व्हॉल्व्हच्या त्या कच्च्या बाजूवर. आधी सील फुटत राहिले, मग बिडाची बॉडीच तडकली. डीलरकडं गेलो तर म्हणे बाहेरचं फिटिंग आहे, वॉरंटी गेली. फिटरकडं गेलो तर म्हणे कंपनीचा पंपच जास्त दाब देतो. ऐन ऊसतोडीत ट्रॅक्टर शेडमध्ये, आणि हे दोघे एकमेकांकडं बोट दाखवत बसले. नावं घेत नाही, पण अजून डोकं फिरतं.

'पॉवर बियॉन्ड'वाला व्हॉल्व्ह मागा, काहीजण कॅरीओव्हर म्हणतात. त्यात लिफ्टकडं जाणारं दाबाचं तोंड आणि टाकीचं परतीचं तोंड वेगळं असतं. पातं हलवणाऱ्या जॅकचे होज सोडून तीन पाईप दिसले पाहिजेत: पंपाकडून येणारा, लिफ्टकडं जाणारा आणि टाकीला वेगळा परतीचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोनच दिसताहेत. बेळगावात उद्यमबाग, मच्छे भागात हायड्रोलिकचीच कामं करणारे आहेत, त्यांना दाखवा. गावातल्या वेल्डरकडून फ्रेम करून घ्या, व्हॉल्व्ह नको.

दुसरं म्हणजे तेल. ६३ मिमी बोअर आणि ४०० मिमी स्ट्रोकच्या जॅकला सव्वा लिटर लागतं, दोन जॅकना अडीच. ते गिअरबॉक्समधूनच जातं, तीच तेलाची टाकी. पातं खाली-वर करून हवा काढा आणि मग डिपस्टिक बघा. आणि हंगामात दुसऱ्याची पलटी ट्रॉली जोडत असाल तर ट्रॉलीच्या जॅकमधलं त्याच्या ट्रॅक्टरचं काळं तेल तुमच्यात येतं, हे कुणी सांगत नाही.

पातं डावी-उजवीकडं वळवायचे जॅक असतील तर त्यांना क्रॉसओव्हर रिलीफ पाहिजेच, म्हणजे झटका बसला की एका बाजूचं तेल दुसऱ्या बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह. थंड देशात बर्फ काढायच्या पात्यांना तो असतो, कारण बर्फाखालचा दगड दिसत नाही. आपल्या जांभ्या मातीत तरी कुठं दिसतो? धडकलं की दाबाचा झटका थेट जॅकच्या सीलवर.

गळती बोटानं चाचपू नका. बारीक भोकातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं, मग ऑपरेशनच. पुठ्ठा धरून बघा.