'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेत ट्रिबल (भराभर वाढणारे केसाळ, गोळ्यासारखे प्राणी) ज्या भागात आहेत, त्यात यानाचा विज्ञान अधिकारी स्पॉक ट्रिबलची संख्या म्हणून जो १७,७१,५६१ आकडा सांगतो, तो खरंच बरोबर येतो की उगाच ठोकून दिलाय?

बरोबर येतो, अगदी शेवटच्या एककापर्यंत. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग डिसेंबर १९६७ मध्ये दाखवला गेला, लेखक डेव्हिड जेरॉल्ड. यानाचा कप्तान कर्क के-७ या अंतराळ स्थानकावरच्या धान्यकोठाराचं डोक्यावरचं झाकण उघडतो आणि केसाळ गोळ्यांच्या ढिगात छातीपर्यंत गाडला जातो. तेव्हा स्पॉक शांतपणे हिशेब मांडतो: सुरुवात एका ट्रिबलपासून, दर १२ तासांनी नवी पिढी, एका वेळी सरासरी १० पिल्लं, मुदत ३ दिवस. म्हणजे ६ पिढ्या. दर वेळी जुना एक अधिक नवे दहा, म्हणून संख्या ११ पट होते. ११ चा सहावा घात काढा: ११, १२१, १३३१, १४,६४१, १,६१,०५१, १७,७१,५६१. कागदावर दोन मिनिटांचं काम.

फक्त यात गृहीत धरलंय की एकही ट्रिबल मरत नाही आणि आईसुद्धा दर १२ तासांनी पुन्हा विते. प्रत्येकीने एकदाच पिल्लं दिली असं धरलं तर जिवंत ट्रिबल ११,११,१११ होतात (हा आकडा मला तर जास्त आवडला असता). आणि एकही न मरण्याची अट तर त्याच प्रसंगात मोडते: धान्यात विष कालवलेलं असतं, त्यामुळे कर्कच्या अंगावर कोसळलेले बरेचसे ट्रिबल आधीच मेलेले निघतात.