दिनार नक्की कुणाचा?

प्रश्न : मुलगा कुवेतला असतो, पगार दिनारमध्ये. परवा व्हिडिओ कॉलवर विषय निघाला, मी म्हटलं दिनार हा अरबी शब्द, तर सूनबाई म्हणाल्या छे, संस्कृतात आहे, म्हणजे आपलाच. खरं काय? आणि ते फिल्स काय प्रकरण आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काका, दोघंही हरलात! पण सूनबाईंना निम्मे मार्क द्यायला हवेत.

शब्द मूळचा लॅटिन, देनारियुस. रोममध्ये इ.स.पू. २११ च्या सुमारास, म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू होतं तेव्हा, हे चांदीचं नाणं सुरू झालं. लॅटिनमध्ये 'देनी' म्हणजे दहा-दहा, आणि एका देनारियुसचे दहा 'आस' यायचे (आस म्हणजे त्यांचं तांब्या-ब्राँझचं नाणं), म्हणून ते नाव. पुढे भाव बदलून सोळा आस झाले तरी नाव दहाचंच राहिलं, आपण नाही का आजही चार आण्याची अक्कल काढतो, आणे जाऊन किती वर्षं झाली तरी.

आता तुम्ही म्हणाल चांदीचं नाणं होतं तर अरबांचा दिनार सोन्याचा कसा. तर रोमनांचं सोन्याचं नाणंही होतं, त्याला पूर्वेकडच्या ग्रीक बोलणाऱ्या भागात 'सोन्याचा देनारियुस' म्हणायचे, त्यातला 'सोन्याचा' गळाला आणि नुसतं नाव सोन्याला चिकटलं. खलिफा अब्द अल-मलिकने सातव्या शतकाच्या शेवटी स्वतःचा सोन्याचा दिनार पाडला, साधारण सव्वाचार ग्रॅमचा, तो याच परंपरेतला.

पण गंमत पुढे आहे. त्याच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षं हा शब्द आपल्याकडे पोचलेला होता! सांचीला दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला, इ.स. ४१२ चा लेख आहे, त्यात २५ दीनार दान दिल्याची नोंद आहे. अमरकोशातही दीनार सापडतो. म्हणजे सूनबाईंचं संस्कृतबद्दल बरोबर, फक्त 'आपलाच' हे चुकलं, तो व्यापारातून आलेला पाहुणा. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यात, क्षत्रप राजा नहपानाच्या काळच्या लेखात, मात्र कार्षापण आणि सुवर्ण अशी नाण्यांची नावं आहेत, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा दरसुद्धा कोरलाय, तिथे दीनार नाही.

फिल्स पण लॅटिनच बरं का. 'फोलिस' म्हणजे पिशवी, पैशाची थैली, मग त्याच नावाचं नाणं, त्यावरून अरबी फल्स आणि फिल्स. कुवेतच्या एका दिनारचे हजार फिल्स होतात हे मुलाला माहीत असेलच. म्हणजे त्याच्या पगारातली दोन्ही नावं रोमचीच!

स्पॅनिशमधला दिनेरो, पोर्तुगीज दिन्येरू, दोन्हींचा अर्थ पैसा, ही सगळी याच घरातली भावंडं. इंग्रजांचा पेनी तर १९७१ पर्यंत 'डी' या अक्षराने लिहायचे, पेनीत डी कुठे आहे? तो देनारियुसचा डी.

जाता जाता, वादात सूनबाईंना परत हरवायचं असेल तर आपला 'दाम' काढा. 'दाम करी काम' म्हणतो ना आपण, तो संस्कृत द्रम्मवरून आला, आणि द्रम्म ग्रीक द्राख्मेवरून. दुबईचा दिरहमही त्याच द्राख्मेचा.