आधी सांग, मग बघ

पोरी,

परवा तुझ्या बाबांचा फोन आला होता. स्कॅट, म्हणजे रायफलची हालचाल पडद्यावर दाखवणारं सरावाचं यंत्र, घरी आलं म्हणाले. आवाजात आनंद होता आणि जराशी धास्तीही. एवढे पैसे घातलेत तर आता गुण वाढलेच पाहिजेत, असं काहीसं. बोलता बोलता गाडी थेट पॅरिसपर्यंत गेली, स्वप्नील कुसाळेच्या ऑलिंपिक कांस्यपदकाच्या ४५१.४ गुणांपर्यंत. मी "बघू" एवढंच म्हटलं. तुला मात्र सविस्तर लिहिते, कारण चार दिवसांत तू मला सात फोटो पाठवलेस. १०.६, १०.७, एकावर १०.९, म्हणजे एका शॉटचे पूर्ण गुण, आणि त्यापुढे टाळ्या. त्या रंगीत रेघांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आमच्या वेळी ड्रायला, म्हणजे गोळी न भरता करायच्या सरावाला, कोरी भिंत आणि नळीवर ठेवलेलं चार आण्याचं नाणं. ट्रिगर दाबल्यावर नाणं पडलं नाही तर बरं चाललंय असं समजायचं. नाणं खोटं बोलायचं नाही, पण त्याला फार काही सांगताही यायचं नाही. तुझ्या यंत्राला सांगता येतं. नळीला लावलेला तो चिमुकला कॅमेरा लक्ष्याच्या काळ्या गोलाकडे टक लावून असतो आणि तुझी रायफल कुठून कुठे फिरली याची रेघ काढतो. मूळ सेटिंग बदललं नसशील तर हिरवी रेघ म्हणजे लक्ष्यावर येण्याची वाट, पिवळी म्हणजे शॉटच्या आधीचा शेवटचा सेकंद, निळी म्हणजे त्यातलाही अगदी शेवटचा पाव सेकंदाच्या आतला तुकडा आणि लाल म्हणजे शॉटनंतरची.

आता तुझा चौथा फोटो उघड. १०.७ वाला. हिरवी वरून नीट उतरली आहे. पिवळी मात्र आडवी पसरली आहे, डावीकडच्या आठच्या रिंगपासून उजवीकडच्या नऊच्या रिंगपर्यंत. निळी रेघ डावीकडून सरळ धावत येते, दहामधून जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी तुझं बोट दाबलं गेलं. लाल रेघ तशीच पुढे उजवीकडे निघून गेली. हा १०.७ म्हणजे चालत्या एसटीत मारलेली उडी. जमली तर जमली. मॅचमध्ये साठ वेळा मारायची आहे.

आता सहावा. ९.८. या फोटोबरोबर तू रडका चेहरा पाठवलास. माझ्या मते सातांत हाच सगळ्यांत चांगला शॉट. पिवळी घट्ट, गाठीसारखी. निळी त्या गाठीच्या आतच. लालही दूर गेलेली नाही. फक्त ती अख्खी गाठ मध्याच्या उजवीकडे बसली आहे. म्हणजे होल्ड उत्तम, ट्रिगर उत्तम, एनपीए, म्हणजे अंग सैल सोडल्यावर रायफल आपोआप जिथे रोखली जाते ती जागा, चुकलेला. पडद्याच्या कडेला जे आकडे येतात त्यांत दोन जवळजवळ सारखे दिसतात. एक सांगतो की रायफल दहाच्या आत किती टक्के वेळ होती. दुसरा सांगतो की ती जिथे कुठे होती, तिथे दहाएवढ्या जागेत किती टक्के वेळ टिकली. दुसरा मोठा आणि पहिला छोटा असेल तर हाताला दोष देऊ नकोस, पायाकडे बघ. डोळे मिट, दोन श्वास घे, डोळे उघड. साइट उजवीकडे गेलेली दिसेल. मागचा पाय केसभर हलवून सगळं अंग फिरव. खांद्यानं किंवा डाव्या हातानं रायफल ओढून मध्यावर आणायची नाही. ओढलेली रायफल शेवटच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जाते, आणि आपण मात्र "ट्रिगर खराब गेला" म्हणत बसतो. मी दोन वर्षं म्हणत होते. बोटाचे व्यायाम केले, ट्रिगरची जागा सतरा वेळा बदलली. पहिल्यांदा अशा यंत्रासमोर उभी राहिले तेव्हा कळलं की बोट बिचारं निर्दोष होतं.

हे सगळं किती बारीक आहे याचा एकदा हिशेब करून बघ. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंत अंतर अडीच मिलिमीटर. खांद्यापासून नळीचं टोक साधारण हातभर पुढे आहे असं धरलं, तर तिथे पाव मिलिमीटरहूनही कमी हललं की एक अख्खी रिंग गेली. डोळ्याला हे दिसणार नाही. शरीराला मात्र कळतं, कळायला शिकवलं तर.

म्हणून माझं खरं सांगणं एवढंच, की लॅपटॉप भिंतीकडे तोंड करून ठेव.

शॉट मार. फॉलो थ्रू धर, म्हणजे शॉटनंतरही क्षणभर तशीच रोखून राहा. रायफल स्टँडवर टेकव. मग मोठ्यानं बोल: "नऊ पाच, दोन वाजता, घाई केली." (दोन वाजता म्हणजे घड्याळातल्या दोनच्या दिशेला.) किंवा "दहा चार, छान." वहीत लिही. हे झाल्यावरच पडदा बघायचा आणि शेजारच्या रकान्यात यंत्राचं म्हणणं लिहायचं. बघायच्या आधी न लिहिलेला शॉट मोजायचाच नाही. मी पहिल्या दिवशी हे केलं तेव्हा दहातले तीन शॉट जुळले होते, आणि तेव्हा मी स्वतःला मुरलेली नेमबाज समजत होते! तुझे चार जुळले तर माझ्यापेक्षा पुढे आहेस. आठ जुळायला लागले की यंत्र आठवड्यातून दोनदा पुरे. मॅचमध्ये लेनवरचा मॉनिटर तुला शॉट कुठे गेला ते दाखवेल, पण वाट दाखवणार नाही. वाट तुला आतूनच आठवायला हवी.

आणि एका दिवसाला एकच प्रश्न. आज फक्त निळ्या तुकड्याची लांबी. उद्या फक्त लाल, म्हणजे शॉटनंतर तू किती लवकर ढिली पडतेस ते. सगळे आकडे एकदम सुधारायला गेलीस की त्यांतला एकही हातात राहत नाही. रोज तीस-पस्तीस शॉट, जॅकेट-ट्राउझर घालून, पंचवीस मिनिटं. त्यापुढे पाठ थकते आणि तू थकव्याचा सराव करू लागतेस. दोन दिवस यंत्राशिवाय, कोऱ्या भिंतीवर, नुसता ट्रिगर आणि साइट. नाणं हवं असेल तर माझ्याकडे आहे.

मांडणीचं थोडक्यात. तुमच्या हॉलमध्ये दहा मीटर निघणार नाहीत. पाच मीटरवर निम्म्या मापाचा गोल लाव. खरा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, म्हणजे तुझा सव्वापंधरा. लक्ष्यावर चांगला, स्थिर उजेड पाड. यंत्राला ट्रिगरचा टक् आवाज ऐकू येतो म्हणून शॉट नोंदवला जातो. दार आपटलं तर तो आवाजही ते नोंदवू शकतं. आईला पंचवीस मिनिटं सांभाळून घ्यायला सांग आणि असले भुताचे शॉट खोडून टाक. सेटिंगमध्ये एक गुणांक असतो, तो शून्यावर नेला की शॉटच्या वेळची हालचाल हिशेबातच येत नाही आणि गुण गोंडस दिसतात. त्याला हात लावू नकोस. लावलास तर मला आकडे पाठवू नकोस.

आकड्यांचं वेड आता वाढलंय, त्यात तुझा एकटीचा दोष नाही. २००४ मध्ये क्वालालंपूरला नेमबाज सुमा शिरूरनं ४०० पैकी ४०० केले तेव्हा पात्रता फेरीत दशांश मोजत नव्हते. जेमतेम शिवलेला दहाही दहा आणि मधोमध बसलेलाही दहाच. मुलींना गोळ्याही चाळीसच. आता साठ गोळ्या, ७५ मिनिटं आणि प्रत्येकीचा दशांश. साहजिकच पोरं पडद्याला चिकटतात. पण घरातल्या ड्रायचा १०.९ कोणत्याही यादीत लागत नाही. त्यात पेलेट, म्हणजे एअर रायफलची गोळी, नाही, धक्का नाही, शेजारच्या लेनचा गोंगाट नाही, कानात धडधडणारी नाडी नाही. म्हणून महिन्यातून दोनदा तेच यंत्र रेंजवर आण, खऱ्या पेलेटवर लावू. लाल रेघ कशी उडी मारते आणि परत कुठे येऊन बसते ते बघायचंय मला.

आता एक गोष्ट रागावून सांगते. तुझ्या दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात पेलेटचा डबा दिसतोय. ज्या खोलीत ड्राय, त्या खोलीत पेलेट नको. आमच्या जुन्या घरातल्या लोखंडी कपाटाला एक पोचा आहे. पाहुण्यांना तो धाकट्या भावाच्या क्रिकेटचा वाटतो. तो माझा आहे. सकाळी रेंजवरून आले होते, रायफल रिकामी आहे याची "खात्री" होती, ड्राय करायचं म्हणून दाबली. त्या वेळी आई त्या कपाटापासून चार हातांवर इस्त्री करत होती. ती काही बोलली नाही, इस्त्री बंद करून स्वयंपाकघरात गेली. मी महिनाभर रायफलला हात लावला नाही. तेव्हा बोल्ट उघड, डोळ्यानं बघ, सेफ्टीची दोरी नळीतून आरपार घालून काढ, मग ड्रायचा खटका लाव. तुझ्या रायफलला तो आहे, हवा न सोडता नुसता ट्रिगर देणारा. रेंजवर जी जुनी स्प्रिंगवाली रायफल आहे तिच्यावर मात्र रिकामं दाबायचं नाही, आतला पिस्टन मार खातो.

शनिवारी रेंजवर येशील तेव्हा वही आण, दोन रकाने भरलेली. लॅपटॉप घरीच राहू दे. आणि बाबांना सांग, दिवाळीपर्यंत गुण विचारायचे नाहीत. मी सांगितलं म्हणून सांग, म्हणजे तुला ओरडणार नाहीत.

तुझी,
ताई