शाळेत वजन मोजणार आहेत. संमती द्यावी का?

नागपुरातील मनीषनगरच्या एका ले-आउटमध्ये राहणाऱ्या एक आई गेल्या हिवाळ्यात दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या आणि त्यांनी एक संमतिपत्र माझ्यापुढे ठेवले. शाळा, वस्तीतील पालक आणि विद्यापीठाचे संशोधक मिळून मुलांमधील लठ्ठपणा रोखण्याचा उपक्रम सुरू करणार होते. “मॅडम, वर्गात याला आधीच ‘ढोल्या’ म्हणतात. घरी याच्या आजी म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे. सही करू की नको?” मुलगा दप्तर पोटाशी धरून बसला होता.

पहिल्या भेटीत माझेच चुकले. मी डब्याविषयी आणि रविवारच्या तर्री-पोह्यांविषयी विचारत राहिले, तसे त्याने दप्तर आणखी घट्ट धरले.

दुसऱ्या भेटीत आम्ही तिघांनी तो कागद ओळीने वाचला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा संशोधनात पालकांच्या संमतीबरोबरच सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकारही घ्यावा लागतो आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, हे ऐकल्यावर मुलाने प्रथमच मान वर केली. वजन पडद्याआड होईल का आणि आकडा मोठ्याने उच्चारला जाणार नाही ना, हे शाळेला आधी विचारून घ्यावे, असे मी आईंना सुचविले.

मुलाच्या चुका शोधायला माणसे येणार, ही त्यांची खरी धास्ती होती. म्हणून मी त्यांना अमेरिकेतील सॉमरव्हिल शहराविषयी सांगितले. तेथे २००२ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाने शहरवासीयांसह काम सुरू केले. शाळेतील जेवण सुधारले, पायी शाळेत जाण्याचे मार्ग सुरक्षित केले, उपाहारगृहांनाही सहभागी करून घेतले. पहिल्याच वर्षात तेथील पहिली ते तिसरीच्या मुलांची वजनवाढ, तुलनेसाठी निवडलेल्या शहरांतील मुलांपेक्षा, थोडी आटोक्यात राहिली. फरक लहान होता, पण त्यासाठी जाड मुलांना वेगळे काढून पथ्यावर ठेवले नव्हते, आणि मला त्यातले हेच मोलाचे वाटते.

येथील उपक्रमात संशोधक विद्यार्थिनींनी मुलांकडून वस्तीचा नकाशा काढून घेतला. या मुलाने मैदानाच्या जागी नुसत्या चारचाकी गाड्या काढल्या होत्या, कारण शेजारच्या लॉनमधील लग्नांच्या गाड्या तेथेच उभ्या राहतात. या वयात रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचा खेळ व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात खेळायला मिळते ती संध्याकाळ, आणि नेमक्या त्याच वेळी वराती येतात. हे कोणत्याही आहारतक्त्यात मावणारे नव्हते. शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ व साखरेचे पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे, हेही पालकांना त्या बैठकांतच कळले. फाटकाजवळची समोशाची गाडी मात्र वीस पावलेच सरकली आहे.

आईंनी सही केली, मुलाने होकार दिला आणि वजन पडद्याआड झाले. पालकांनी लॉनच्या मालकांशी बोलून अर्धे मैदान दोर बांधून मोकळे करून घेतले असून तो तेथे गोलकीपर असतो. आजींचे ‘खात्यापित्या घरचं पोर’ अजून चालूच आहे. पुढच्या भेटीला मी त्यांनाच बोलावले आहे.