तात्यांना विचारा : पाचटाचे पैसे नेमके कुणाला?

(साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या बघणारे कर्मचारी, म्हणून लागलेले, गट कार्यालयातून निवृत्त झालेले आणि आता करवीर तालुक्यात तीन एकर स्वतः कसणारे आमचे तात्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : तात्या, आमच्या गावात एका कंपनीची दोन पोरं मोटरसायकलवरून आली होती. पाचट (ऊस तुटल्यावर रानात उरणारा वाळका पाला) पेटवू नका, आम्ही कार्बन क्रेडिटचे पैसे देतो म्हणाली. सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स मागतात. करार वीस वर्षांचा आहे म्हणे. भावकीतल्या चौघांनी सह्या केल्या. माझा यंदा तीन एकर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) ठेवायचा विचार आहे. सही करू का?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : पाहुणं, झेरॉक्स अजून दिली नसेल तर आधी चहा घ्या आणि मग हे वाचा.

ही नुसती थाप आहे असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयानं शेतकऱ्यांना ऐच्छिक कार्बन बाजारात आणण्यासाठी चौकट जाहीर केली. धंदा खरा आहे. प्रश्न आहे तो तुमच्या रानातून किती क्रेडिट निघतील याचा.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढंच तापवणारा दुसरा वायू, हवेत जायचा वाचला असा दाखला. आता पाचट बघू. एकरी तीन-चार टन निघतं, चार धरा. पेटवल्यावर धुराचा लोट उठतो, डोळे चुरचुरतात आणि वाटतं केवढा कार्बन गेला. पण मोजणारी माणसं त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हिशेबात घेतच नाहीत. तो उसानंच वर्षभर हवेतून ओढलेला असतो आणि पुढचा ऊस पुन्हा ओढणार असतो. धरतात ते फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. आंतरराष्ट्रीय ठोकताळे लावून मी वहीत हिशेब केला, तर एकराला सगळं मिळून ३०० किलोच्या आसपास आलं. म्हणजे तुमच्या तीन एकरांत मिळून एक क्रेडिटही धड भरत नाही. त्यातून तपासणीचा खर्च आणि कंपनीचा वाटा जाणार.

बाकीचे पैसे मिळायचे ते रानातला सेंद्रिय कर्ब वाढला तर, आणि तो वाढल्याचं माती तपासून सिद्ध झालं तर. चार टन पाचटात दीड टनापर्यंत कार्बन असतो खरा. पण जिवाणू तो खातात आणि बराचसा परत हवेत सोडतात. मातीत टिकतो तो थोडाच, आणि तोही सावकाश.

म्हणून मी म्हणतो, क्रेडिटचे पैसे म्हणजे वाढं आहे, उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. ऊस तुटला की वाढं मिळतं, म्हशी खातात, बरंच आहे. पण वाढ्यासाठी कुणी ऊस लावत नाही.

सही करायचीच असेल तर करार मराठीत मागा. वीस वर्षांत रान विकलं, वाटणी झाली, उसाऐवजी केळी लावली, तर काय? माती तपासणीचा खर्च कुणाचा? पैसे पहिल्या वर्षी की पाचव्या? ह्याची उत्तरं कागदावर नसतील तर त्या पोरांना पुढच्या गावाला जाऊ द्या. माझ्याकडेही आली होती. मी गेली कितीतरी वर्षं पाचट ठेवतोय म्हटल्यावर त्यांनी वही मिटली. आधीपासून पेटवत नसाल तर तुम्ही बसत नाही म्हणाली, कारण तुमच्यामुळं नवीन काही वाचत नाही. आमच्या घरातून आतनं आवाज आला, “मग एकदा पेटवा की, पुढच्या साली पैसे मिळतील!”

आता खऱ्या पैशाकडे या. चार टन पाचटात साधारण एका युरियाच्या पोत्याएवढं नत्र असतं आणि सव्वा पोत्याएवढा पोटॅश. पोटॅशच्या पोत्याला काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काडी लावली की नत्र धुरात जातं. पोटॅश राखेत उरतो, पण ती राख वाऱ्यावर जाते, नाहीतर पहिल्या वळवात वाहून जाते. हे पैसे घ्यायला सातबाऱ्याची झेरॉक्स लागत नाही.

मात्र नुसतं “पाचट ठेवा” असं सांगणाऱ्याचंही ऐकू नका. पहिल्या साली मी तेच केलं. सगळ्या सऱ्यांत पाचट दाबलं, वर काही टाकलं नाही, पाणी सोडलं आणि निवांत बसलो. पाणी सरीत पुढं सरकेना. गुढीपाडव्यापर्यंत खोडवा असा पिवळा पडला की शेजारचा बांधावरून विचारतो, “तात्या, खोडवा हाय का हळद?” गट कार्यालयात बसून लोकांना शिकवणारा मी, तोंड लपवायला जागा नव्हती. झालं होतं असं, की पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र नावाला. ते कुजवणारे जिवाणू आपल्याला लागणारं नत्र मातीतून ओढतात आणि ऊस उपाशी राहतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. पाचट एका आड एका सरीत घालायचं, मोकळ्या सरीतून पाणी खेळतं राहतं. बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे. मग टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत. चार टनाला चारपट. कुट्टी यंत्र भाड्यानं मिळालं तर उत्तमच. उंदीर थोडे वाढतात, त्याची तयारी ठेवा. आणि तोडीच्या वेळी ऊसतोड टोळी म्हणेल, “मालक, पेटवून देऊ, लवकर उरकतं.” टोळीला खुशाली (वरचे पैसे) देऊन वर स्वतःचा ऊस पेटवून घेणारे लोक मी नोकरीत पाहिलेत. जळक्या उसाची म्हणून केलेली कपात आणि घटलेलं वजन पट्टीत, म्हणजे कारखान्याच्या बिलात, दिसतं, तेव्हा टोळी पुढच्या गावात असते.

प्रश्न : हायवेवर गाड्यांची रांग बघा आणि आम्हाला सांगा की युरियानं जग तापतंय! युरिया कमी केला आणि टनेज पडलं तर भरपाई कोण देणार? शहरवाले?
— एक पदवीधर शेतकरी, कागल तालुका

उत्तर : तुमचा राग अर्धा बरोबर आहे. देशानं संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या हिशेबानुसार २०२० मध्ये आपल्या एकूण उत्सर्जनातला तीन चतुर्थांश वाटा ऊर्जेचा होता, म्हणजे वीज, वाहनं, कारखाने. शेतीचा १४ टक्क्यांच्या आत. त्यातलाही अर्ध्याहून जास्त जनावरांच्या रवंथातून निघणारा मिथेन.

आता उरलेला अर्धा राग. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतं. टाकलेल्या नत्रातलं ढोबळ एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं हिशेबात धरतात. एक टक्का ऐकायला काहीच नाही, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. पोत्यामागं जवळपास ९० किलो झाले. युरिया विरघळताना त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणखी ३३ किलो. म्हणजे एक पोतं रिकामं केलं की सव्वाशे किलोच्या घरात. हा फक्त रानातला हिशेब. नैसर्गिक वायूपासून युरिया बनवताना जे निघतं ते वेगळंच.

टनेज पाडा असं मी म्हणत नाही. खोडव्याला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी पाच पोत्यांच्या आत. माझ्या आजूबाजूला सात-आठ पोती फेकणारे आहेत. २६६ रुपयांचं पोतं, हात आखडत नाही. फेकायचं आणि पाठोपाठ पाणी तुंबवायचं. काही अमोनिया होऊन उडतं, काही पाण्याबरोबर खाली जातं आणि तुंबलेल्या रानात तोच नायट्रस ऑक्साइड जोरात तयार होतो. उसाच्या तोंडात किती गेलं?

पहार घ्या. बुडख्यापासून चार-सहा बोटं लांब, वीतभर खोल भोक, फुटाफुटावर. निम्मं खत तोडीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूला, निम्मं साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. वर माती ढकलून बुजवायचं. बायका म्हणतात कंबर मोडते, आणि खरंच मोडते. मजुरी वाढते, तीही लपवत नाही. पण पाचट ठेवलेल्या रानात दुसरा इलाज नाही, वरून फेकलेलं खत पाचटावरच बसतं. मी पाच पोत्यांच्या आत भागवतो आणि माझी पट्टी शेजाऱ्यापेक्षा हलकी नसते.

आणि त्या हायवेवरच्या गाड्या कशावर चालतात बघा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. त्यात आपलाही ऊस आहे. त्या इथेनॉलला कमी कार्बनचं इंधन म्हणायचं, तर मोजणी पंपावर सुरू होत नाही, तुमच्या सरीत सुरू होते. आठ पोती फेकून पिकवलेल्या उसाचं इथेनॉल तेवढं स्वच्छ नाही. उद्या कुणी कारखान्याला हे विचारलं, तर कारखाना तुमच्याकडे बोट दाखवील.

प्रश्न : तात्या, दोन म्हशी आहेत. गोबरगॅस परवडेल का? सासूबाई म्हणतात, शेणी थापलेल्या बऱ्या.
— एक गृहिणी, भुदरगड तालुका

उत्तर : ताई, एक घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण लागतं. दोन म्हशी गोठ्यात बांधलेल्या असतील तर निघतं, दिवसभर डोंगराला चरायला सोडत असाल तर नाही. गॅस पुरा निघाला तर महिन्याला साधारण एका सिलिंडरचं काम होतं. थंडीत कमी. बसवलाच तर गळती बघत चला, कारण हा वायू म्हणजे मिथेन. जाळला तर चूल पेटते, गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापवतो. निघणारी शेणस्लरी पाचटावर सोडा, लवकर कुजतं. सासूबाईंना मात्र चार शेणी थापू द्या, आंघोळीच्या पाण्याला लागतातच.

प्रश्न : आमचं रान पूरबुडीत आहे. पाचट ठेवावं का?
— एक शेतकरी, करवीर तालुका

उत्तर : तोड कधी झाली त्यावर आहे. डिसेंबर-जानेवारीत तुटला असेल तर ठेवा, पावसाळ्यापर्यंत बरंच कुजून मातीत बसतं. एप्रिलमध्ये तुटला असेल तर कुट्टी करून मातीत गाडा, नाहीतर बांधाबाहेर उंचावर खड्ड्यात घाला. २०१९ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा माझं न कुजलेलं पाचट तरंगत शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊन बसलं. काढायला चार गडी आणि दोन दिवस लागले. गडी माझे, जेवणही माझं.