तारीख नसलेली पत्रं कशी लावायची?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विमान कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईने परदेशी गेलेल्या नवऱ्याला आणि देशातच असलेल्या बहिणीला लिहिलेली पत्रं मी अनुवादित करते आहे. बऱ्याच पत्रांवर तारखेऐवजी नुसतं ‘मंगळवार, रात्र’ असतं. क्रम कसा लावावा?

उत्तर : आधी पाकीट बघा, आणि ते पत्रापासून कधीही वेगळं करू नका. शिक्का पुसट झाला तरी तिकिटावरून बरंच कळतं. पंख पसरलेल्या गरुडाचं 3 सेंटचं जांभळं ‘विन द वॉर’ तिकीट 4 जुलै 1942 ला निघालं. ते असेल तर पत्र त्याआधीचं नाही. बहिणीच्या पत्रावर 8 सेंटचं हवाई तिकीट असेल तर 26 मार्च 1944 नंतरचं, कारण देशांतर्गत दर तेव्हा 6 वरून 8 सेंट झाला. पत्त्यात शहराच्या नावापुढे ‘डेट्रॉइट 4’ असा आकडा दिसला तर बहुधा मे 1943 नंतरचं. मोठ्या शहरांना टपाल विभागांचे क्रमांक तेव्हा मिळाले. आकडा नसणं हा मात्र पुरावा नव्हे, जुन्या सवयीने लोक तो गाळत.

मग स्वयंपाकघराकडे वळा. साखरेचं रेशन मे 1942 मध्ये आलं. कॉफीचं 29 नोव्हेंबर 1942 ते जुलै 1943 एवढंच होतं, माणशी 5 आठवड्यांना 1 पौंड. कॉफीच्या कुपनाचा उल्लेख म्हणजे या आठ महिन्यांतलं पत्र. बुटांचं रेशन फेब्रुवारी 1943 पासूनचं. दुकानदाराने मांसाच्या पॉइंटांचे (रेशनमध्ये पैशांसोबत द्याव्या लागणाऱ्या गुणांचे) ‘लाल सुटे’ परत दिले असं लिहिलं असेल, तर ते फेब्रुवारी 1944 च्या अखेरीस आलेले नखाएवढे फायबरचे टोकन.

एवढ्याने काळ आवळला की वार कॅलेंडरशी जुळवा. इथे एक खाच आहे : ती मध्यरात्री सुरू होणाऱ्या ‘ग्रेव्हयार्ड’ पाळीला असेल, तर तिची मंगळवारची रात्र कॅलेंडरात बुधवारी पहाटे संपते. शिक्का एक दिवस पुढचा दिसला म्हणून पत्र बाजूला काढू नका.

प्रश्न : ‘आईसबॉक्समधले रिव्हेट’ आणि ‘बकर’ म्हणजे काय?

उत्तर : रिव्हेट म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारी धातूची खिळी. विमानाच्या पत्र्याचे काही मिश्रधातूचे रिव्हेट भट्टीत तापवून पाण्यात विझवले की थोडा वेळ मऊ राहतात, मग साध्या हवेतच कडक होत जातात. 24एस जातीचे साधारण 20 मिनिटांत ठोकावे लागत. थंडीत हे कडक होणं लांबतं, म्हणून ते बर्फाच्या पेटीत ठेवत आणि थोडे थोडेच बाहेर काढत. उशीर झाला की ठोकताना डोक्याला तडा जाई.

काम जोडीने चाले. एक बाहेरून हवेवर चालणारी बंदूक रिव्हेटच्या डोक्यावर धरी. दुसरी, म्हणजे बकर, आतून शेपटीला पोलादी ठोकळा टेकवी. शेपटी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट बाहेर हवी. ठोकून झाल्यावर तिची रुंदी जाडीच्या दीडपट, उंची निम्मी. ठोकळा तिरका झाला तर शेपटी एका बाजूला कलते, बंदूक घसरली तर पत्र्यावर चंद्रकोर उमटते. मग तो रिव्हेट ड्रिलने काढून नवा ठोकायचा. म्हणून अशा पत्रांत जोडीदारणीचं नाव वरचेवर येणं साहजिकच आहे. अनुवादात ‘मदतनीस’ म्हणू नका, त्यात तिचं कसब हरवतं. ‘ठोकळा धरणारी’ चालेल.

प्रश्न : काही पत्रं तळहाताएवढी, फोटोच्या कागदावर आहेत. ही नक्कल का?

उत्तर : हे व्ही-मेल, जून 1942 पासूनचं. ठरावीक फॉर्मवर लिहिलेल्या पत्राचा 16 मिलिमीटर फिल्मवर फोटो काढत, फिल्म पाठवत आणि पलीकडे छापत. नवऱ्याच्या हाती हाच छाप पडला, म्हणून तुमच्यासाठी हेच मूळ. पेन्सिल किंवा फिकी शाई त्यात उतरत नसे. लिपस्टिकच्या ओठांच्या खुणांनी तर यंत्रं बिघडत.

परदेशी जाणाऱ्या टपालावर सेन्सॉरची नजर पडू शके, देशांतर्गत पत्रांवर एरवी नसे. त्यामुळे नवऱ्याची आणि बहिणीची पत्रं वेगळ्या गठ्ठ्यांत ठेवून एकाच आठवड्यातली शेजारी वाचा. कुठे काय गाळलंय ते दिसेल.

व्ही-मेलला वाफ वा पाणी लावू नका, इस्त्री तर नाहीच. 600 डीपीआयवर स्कॅन करा, गंजलेल्या टाचण्या काढा, चिकटपट्टी लावू नका आणि पीव्हीसीच्या नव्हे, पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवा.